चष्म्याची डावी दांडी

पडद्यापलीकडून आवाज आला, "इथेच बसू ना?"

एवढंच. पण तिचे हात मेणाच्या भांड्यावर तसेच थांबले. रुग्णाचा दुखरा हात शेकायला बुडवायचं मेण कोमट हवं, जास्त तापू द्यायचं नाही... ते तापत राहिलं.

आवाज ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे गेली दोन वर्षं बहुतेक रोज संध्याकाळी तो तिच्या कानात असायचा. हेडफोनमधून. दलदलीत, बर्फाच्या किल्ल्यात, एकदा तर ड्रॅगनच्या पोटातसुद्धा. आणि तिथेही तो हेच विचारायचा. आजोबा, इथेच बसू ना, तुमच्या मागे?

फरक एवढाच, की तिथे, त्या ऑनलाइन खेळात, तो हातभर उंचीची, मोठ्या कानांची मुंगी नावाची मुलगी असायचा. आणि ती त्याचे आजोबा.

हे नीट सांगायला हवं. पण त्याआधी तिनं पडद्याबाहेर यायला हवं, आणि ती येत नव्हती. मेणात चमचा फिरवत उभी होती.

"कुणी आहे का आत?" तो म्हणाला.

ती बाहेर आली.

उंच होता. जरासा पोक काढून बसलेला, जागा जास्त अडवल्याबद्दल माफी मागत असल्यासारखा. शर्टाच्या खिशाला पेन अडकवावं तसा एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेला. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा, फ्रेमी दुरुस्त करायचा. उजवा अंगठा दुखतोय म्हणाला. बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही, गिऱ्हाइकांसमोर स्क्रू हातातून पडतो, मालक बघत राहतात.

तिनं अंगठा मुठीत घ्यायला सांगितला आणि मूठ हलकेच खाली वळवली.

"आई गं," तो म्हणाला. मुंगी मेल्यावर म्हणायचा अगदी तसं.

तिनं विचारलं, या हातानं आणखी काय काय करता? तो म्हणाला, स्क्रूच फिरवतो दिवसभर. कॉम्प्युटर? छे, कामापुरता. बोलताना त्याचे कान लाल झाले. रविवारची आख्खी दुपार त्याचा हा अंगठा काय करत होता ते तिला ठाऊक होतं. ती शेजारीच उभी होती, ढाल घेऊन.

त्याला सांगायची लाज वाटत होती. एवढा बाप्या माणूस आणि गेम खेळतो. तिनं तेव्हाच म्हणायला हवं होतं, अहो, मीपण खेळते... तिच्या मनगटात त्याच जागी तीच कळ होती. पण रुग्णांना 'फार वेळ बसू नका' म्हणून सांगणारी बाई ती. तिनं फक्त मान डोलावली आणि त्याला पट्टा बांधला. म्हणाली, "सध्या या हातानं कुठलाही... बारीक उद्योग करायचा नाही."

"नाही करणार," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी मुंगी उड्या मारत हजर.

•

आता आजोबा.

आधी ती खेळात मुलगीच होती. लाल केसांची, धनुष्यवाली. अनोळखी लोक तिला न मागता तलवारी द्यायचे, नंतर फोटो मागायचे. तिनं दिला नाही तेव्हा एक आख्खी टोळी तिच्या मागे लागली. या खेळात मेलेला माणूस एका दगडाजवळ पुन्हा जिवंत होतो. ते त्या दगडाजवळच उभे राहिले. ती उठली की मारायचे. उठली की मारायचे. आणि मध्ये मध्ये लिहायचे... काय लिहायचे ते जाऊ दे. ती न्हाणीघरात जाऊन रडली. शिव्यांपेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटली. शिकलीसवरलेली मी, आणि खेळात मेले म्हणून रडतेय.

मग तिनं दाढी लावली. गुडघ्यापर्यंत लोळणारी पांढरी दाढी, लोखंडी ढाल, कपाळावर वण. दाढीला कुणी फोटो मागत नाही. माइक बिघडलाय म्हणून सांगितलं. बाकीचे बोलायचे, आजोबा टाइप करायचे. 'आलो', 'बघतो', 'मागे व्हा रे पोरांनो'. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक छोटंसं खोटं. पण लोक ऐकायचे. दवाखान्यात मोठ्या बाई तिला अजून 'अगं ए' म्हणून हाक मारायच्या. इथे वकील नावाचा तिरंदाज, जो प्रत्येक राक्षसाशी आधी भांडायचा आणि मग बाण सोडायचा, तोसुद्धा म्हणायचा, "आजोबा सांगतील तसं."

पुढे ढाल घेऊन आजोबा, पाठीशी जखमा भरून काढणारी मुंगी. असं दोन वर्षं. एकदा तिघं जण नुसते सूर्योदय बघायला एका टेकडीवर जाऊन बसले. तिथे काही मिळत नव्हतं, गुण नाही, सोनं नाही. मुंगी म्हणाली — म्हणजे तो म्हणाला — "दुकानातून घरी आल्यावर कुणीतरी आपली वाट बघतंय, असं मला इथेच वाटतं."

आजोबांनी ढाल गवतात ठेवली होती.

घरी आईला वाटायचं, ती पुढचा कोर्स करतेय. शेजारणींना अभिमानानं सांगायची, आमची अजून शिकतेय बरं का. संध्याकाळी तिचं दार लागलं की आई टीव्हीचा आवाज बारीक करायची आणि चहा उंबऱ्यापाशी ठेवून पावलांचा आवाज न करता परत जायची. ती चहा उचलायची तेव्हा दर वेळी तिला वाटायचं...

पण चहा गार व्हायचा, कारण तेवढ्यात कुणीतरी हाक मारायचं. आजोबा, या की.

•

"आजोबा, आज जरा दमानं घ्या. हात दुखतोय."

इथे एक जागा होती. छोटीशी. तिथे ती लिहू शकली असती, 'मला माहीत आहे.'

आजोबांनी टाइप केलं, 'काय झालं हाताला?'

बस. लाज वाटायला सुरुवात झाली ती इथून. माहीत नव्हतं तोवर ती नुसती दाढी होती. आता दाढीआड कुणीतरी लपलेलं होतं.

त्यानं सगळं सांगितलं. दवाखाना, मेण, पट्टा. मग म्हणाला, "एक सांगू? हसू नका हं आजोबा."

'नाही हसत.'

"त्या फिजिओ आहेत ना... त्यांच्या चष्म्याची डावी दांडी सैल आहे. चष्मा सारखा तिरका होतो. त्या माझ्या हातावर वाकतात, तो घसरतो, मग दोन्ही हातांना मेण लागलेलं म्हणून खांद्यानं वर ढकलतात. मी इतके चष्मे बघतो दिवसभर. पण हा एक... मला वाटतं हात पुढे करावा आणि..."

दलदलीत पाऊस पडत होता. त्या पावसात काहीच भिजत नाही. आजोबा जागच्या जागी उभे होते आणि एक मगर त्यांचा पाय खात होती.

"आजोबा! मगर!"

तिनं ढाल फिरवली. हेडफोन काढून ती आरशासमोर गेली. चष्मा खरंच तिरका होता. किती दिवस? सगळ्या रुग्णांसमोर? कात्रीचं टोक स्क्रूत घालून तिनं तो करकचून आवळला.

दुसऱ्या दिवशी तो आला, खुर्चीत बसला, वर बघितलं आणि बोलता बोलता थांबला. चष्म्याकडे बघत राहिला. मग खाली, स्वतःच्या पट्ट्याकडे. त्या दिवशी तो फारसं बोललाच नाही. तिला वाटलं, हात जास्त दुखत असेल.

•

सांगायचं तिनं ठरवलं. ठरवलंच.

हात मेणात होता. बाहेर पाऊस होता, खिडकीवर टपटप. ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय." तेवढ्यात मोठ्या बाईंनी पडद्यातून डोकं घातलं. अगं ए, तो शेकाचा दिवा कुठे ठेवलास?

मेली. पुन्हा दगडापासून.

हात मेणाबाहेर होता. ती बोटावरून मेणाची साल सोलत होती, आख्खी, मोज्यासारखी. ती म्हणाली, "तुम्ही गेम वगैरे..." तो दचकला. "नाही नाही, अजिबात नाही. तुम्ही सांगितल्यापासून नाहीच." त्याचे कान असे लाल झाले, की पुढे बोलणं म्हणजे त्याला चोर म्हणून पकडण्यासारखं झालं असतं.

मेली.

हात तिच्या हातात होता. रबराचा चेंडू दाबायचा व्यायाम. तो म्हणाला, "बोला ना, तुम्ही काहीतरी सांगत होतात." खूप हळू म्हणाला. तिनं तोंड उघडलं. आणि तिला दिसलं, सांगितल्यानंतर काय होईल ते. संध्याकाळी दलदल रिकामी. खुर्ची रिकामी. दोन्हीकडून एकदमच जाईल तो.

"चेंडू... अजून जोरात दाबा," ती म्हणाली.

•

मग ती भानगड झाली. आठवली तरी तिला अंग चोरावंसं वाटायचं.

मुंगी म्हणाली, "आजोबा, त्यांनी चष्मा दुरुस्त केला."

'चांगलं झालं की.'

"हो. पण..." हेडफोनमध्ये तो हसल्यासारखा झाला. "सरळ चष्म्यात त्या सगळ्यांसारख्याच दिसतात. तिरका होता तेव्हा त्या त्या होत्या. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं."

ती काय करायला निघाली आहे हे तिला कळत होतं. कळत असूनही ती उठली, आरशासमोर उभी राहिली आणि कात्रीचं टोक पुन्हा त्या स्क्रूत घातलं. उलट्या बाजूनं फिरवलं. अर्धा फेरा. चष्मा कलला. जास्त कलला का? थोडा आवळला. मान डोलावून बघितली, घसरतो का ते. घसरला. बरोबर तेवढाच.

दारात वहिनी उभी होती. आज आईऐवजी तिनं चहा आणला होता, आणि दार नुसतंच लोटलेलं होतं.

वहिनीनं आरशाकडे पाहिलं, मग कात्रीकडे, मग मागे कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाढी कुरवाळत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे.

"हे तुझे सर का?" वहिनी म्हणाली. "फार दाढीचे आहेत."

ती खाली बसली. सगळं सांगितलं. कोर्स नाही, कधीच नव्हता. आईला सांगू नकोस. वहिनी ऐकत राहिली, मध्येच चहाचा एक घोट स्वतःच प्यायली. खेळाबद्दल काहीच बोलली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे तो बिचारा तुझ्याबद्दल तुझ्याशीच बोलतो, आणि तू ऐकून घेतेस?"

तिनं कात्री मुठीत लपवली.

"दाराआडून दुसऱ्याचं बोलणं ऐकणं म्हणजे चोरीच, म्हणतात ना आई?" वहिनी म्हणाली आणि कप ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी ती तिरका चष्मा घालून कामावर गेली. तो आला. त्यानं बघितलं. हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याचा चेहरा एकदम पडला, जणू त्याच्या हातून काचेला ओरखडा गेला असावा.

संध्याकाळी आजोबांनी त्याला तिच्यापासून तोडायचा प्रयत्न केला. दुसरं काय करणार होती ती? लिहिलं, 'सोड तिला. तुला तिची काय माहिती? खोटारडी असेल.'

आजोबांच्या दंडावर खरचटलं होतं ते तेवढं मुंगीनं भरून काढलं. गरज नसताना.

"असेल," तो म्हणाला. "पण आजोबा, खोटं बोलण्यात सगळ्यांना मजा येते असं नाही. काही जण अडकलेले असतात. दारापर्यंत येतात, परत जातात. त्यांना वेळ द्यावा लागतो."

'आणि नाहीच आली बाहेर तर?'

"तर मी आहेच बसलेला," तो म्हणाला. "तुमच्या मागे."

•

तिनं मोठ्या बाईंना सांगितलं, त्या चष्मेवाल्यांना यापुढे तुम्ही बघा. बाईंनी कारण विचारलं. ती म्हणाली, माझं लक्ष लागत नाही. बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. आज शेवटचं तूच आटप. आणि ते मेण नीट तापव, परवा जळका वास येत होता."

म्हणजे आजच.

तो आला. पट्टा त्यानं घरूनच काढून आणला होता. बसला. तिनं पडदा अर्धा ओढला, मग पूर्ण उघडला, मग पुन्हा अर्धा. पाऊस थांबून खिडकीबाहेर नुसतं पाणी निथळत होतं. ती त्याच्या हातावर वाकली. चष्मा घसरला. तिनं खांदा वर केला...

"थांबा," तो म्हणाला. "आधी तो चष्मा द्या इकडे."

त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला होता. तिनं चष्मा दिला. आणि सगळं विरघळलं. भिंत, दिवा, भांडं, तो. तिचा नंबर मोठा होता. समोर फक्त एक निळसर ढग बसला होता, शर्टाच्या रंगाचा, आणि ढगाच्या मध्यभागी काहीतरी बारीक फिरत होतं.

"आता काही दिसत नसेल ना?" ढग म्हणाला.

"नाही."

"मग आता बोला. मीपण चष्म्याकडे बघतोय."

दगड नव्हता. पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नव्हतं. एकदाच.

"आजोबा मी आहे," ती म्हणाली.

स्क्रू-ड्रायव्हर फिरत राहिला.

"तुम्ही पहिल्या दिवशी पडद्यामागून बोललात तेव्हापासून मला माहीत आहे. तुम्ही माझ्याबद्दल बोलायचात आणि मी... मी विचारायचे. आणखी सांग म्हणून विचारायचे. तुम्हाला वाटलं एक म्हातारा ऐकतोय. मी ऐकत होते. मला फार लाज वाटते. तुम्ही उठून गेलात तरी चालेल. चष्मा तेवढा..."

"तो दिवस आठवतो?" तो म्हणाला. "चष्मा सरळ करून आलात?"

"हो."

"दांडीबद्दल मी फक्त आजोबांना सांगितलं होतं."

पाणी निथळत होतं. थेंब... थेंब. तिच्या लक्षात यायला वेळ लागला. मग लक्षात आलं, आणि मग त्यापुढचंही. आरसा. कात्री. अर्धा फेरा.

"म्हणजे तिरका चष्मा आवडतो म्हणालात, ते..."

"पारख केली," तो म्हणाला. आवाज खाली गेला होता. "घरी बसून हसत होतो, आता बघू करते का. आणि तुम्ही खरंच तिरका करून आलात. त्या दिवशी माझं हसू कुठल्या कुठे गेलं. कुणाला असं... आरशासमोर उभं करायचं, आपल्या एका वाक्यासाठी. मला माझीच घाण वाटली."

"मी मान हलवून बघितलं होतं," ती म्हणाली. का म्हणाली कुणास ठाऊक. "घसरतो का ते."

"अरे देवा."

मग ढगातून एक विचित्र आवाज आला. तो हसू दाबत होता. आणि तिचंही तोंड वाकडं होऊ लागलं, रडू की हसू ते तिचं तिलाच ठरवता येईना.

"त्यानंतर बोलायला हवं होतं मी," तो म्हणाला. "पण रोज वाटायचं, आज त्या सांगतील. आणि रोज आणखी एक संध्याकाळ तुम्हाला सांगता यायचं. म्हणजे आजोबांना. म्हणजे... ते मी तुम्हालाच सांगत होतो. खोटारडी असेल म्हणालात ना, तेव्हाही."

"तुम्हीही हात वापरला नाही म्हणून खोटं बोललात. रोज."

"तुम्ही शेजारीच उभ्या असायचात. थांबवायचं की."

"मगर मारायला कोण येणार होतं मग?"

"मगर तुमचा पाय खात होती आणि तुम्ही नुसत्या उभ्या होतात," तो म्हणाला. "तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

ती हसली. बरेच दिवसांनी, आवाज करून. पलीकडून मोठ्या बाई खाकरल्या.

"आता ताकद बघायची राहिलीये," ती पुटपुटली आणि अंदाजानं दोन बोटं पुढे केली. शेवटच्या दिवशी ते करायचंच असतं. रुग्णानं दाबायचं, आपण जोर किती ते बघायचं. "दाबा. दुखलं तर सोडा."

त्यानं दाबली. दुखत नसावं, कारण त्यानं सोडली नाहीत.

"आईला सांगावं लागेल," ती म्हणाली. "कोर्स नाही म्हणून. ती टीव्हीचा आवाज बारीक करते हो माझ्यासाठी..."

"आज सांग," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'सांग' म्हणाला. "मग उशिरा आलीस तरी चालेल. मी आणि वकील दगडापाशी थांबतो."

"आजोबांचं काय करायचं?"

"आजोबा राहू देत. मी पुढे उभा राहिलो तर सगळे मरतील."

दुसऱ्या हातानं त्यानं चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. एका हातानं, म्हणून जरा चाचपडत. डावी दांडी कानामागे नीट बसली. कुठेही सैल नव्हती.

जग जागेवर आलं. दिवा, भांडं, पडद्याची कड. आणि अगदी समोर त्याचा चेहरा. कानांपासून मानेपर्यंत लालभडक, ओशाळलेला, नजर कुठे ठेवावी ते न कळणारा. ती इतके दिवस आरशात बघत होती, हुबेहूब तसा.

भांड्यात मेण तापून जळका वास सुटला होता. उठायला हवं होतं. पण त्यानं अजून तिची बोटं सोडली नव्हती, आणि तिनं अजून त्याला पुरे म्हणून सांगितलं नव्हतं.